डाव्या हाताची तीन बोटे

पत्राचा सारांश: सोलापुरातील ४६ वर्षांच्या एका भगिनीचे हे पत्र आहे. त्या घरीच कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतात. मदतीला दोघीजणी असल्या तरी रोजच्या ८०-९० भाकऱ्या त्या स्वतः थापतात. गेल्या दोन वर्षांत चटणीची मागणी वाढली असून आठवड्याला १०-१२ किलो चटणी होते. त्यांच्या तळहातांना घट्टे पडले आहेत आणि डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी व मधले बोट यांच्या टोकांना भेगा आहेत. त्यांत तिखट गेले की डोळ्यांत पाणी येते. लिंबू-साखर, खाण्याचा सोडा, तुरटी आणि पायाची वजरी हे सारे करून झाले. होणाऱ्या सुनेने आणून दिलेली महागडी क्रीमही लावून पाहिली. भाकरीला वास लागेल म्हणून दिवसा त्या हाताला काहीच लावत नाहीत. माघात मुलाचे लग्न आहे आणि चुडा भरताना कासारापुढे हात धरायची त्यांना लाज वाटते. ‘आयुष्यभर हाताकडे दुर्लक्ष केले, त्याची ही फळे. दोन महिन्यांत हात मऊ होतील असा बिनखर्चाचा आणि अपाय न करणारा घरगुती उपाय सांगा,’ असे त्यांनी लिहिले आहे.

ताई, तुमच्या पत्रातला एक तपशील तुम्ही ओघात लिहून गेलात, पण मी तिथेच थांबले. भेगा फक्त डाव्या हाताला आहेत, आणि त्याही तीनच बोटांच्या टोकांना. भाकरी तुम्ही उजव्या हाताने थापता, भांडी घासताना जोरही उजव्याच हाताचा लागतो, मग काम करणारा हात शाबूत आणि साथ देणारा फाटलेला, हे कसे? या प्रश्नाकडे मी येणारच आहे, पण त्याआधी तुम्ही स्वतःवर ठेवलेल्या आरोपाविषयी थोडे लिहिते.

तुम्ही घट्टे आणि भेगा ही एकाच दुर्लक्षाची फळे मानली आहेत, आणि माझ्या मते सगळ्या उपायांची दिशा तिथेच चुकली आहे. घट्टा म्हणजे घासणे, दाब आणि उष्णता यांना तोंड देण्यासाठी त्वचेने स्वतःहून जाड केलेला थर होय. तव्यावरची भाकरी तुम्ही उलथन्यावाचून बोटांनी उलटता ना? ज्या हाताला हा थर नाही, त्याला दुसऱ्याच दिवशी फोड येतील. तुमच्या होणाऱ्या सूनबाईंना एकदा तव्यापाशी बसवून पाहा. याउलट भेग म्हणजे त्वचेची हार असते. वरचा थर इतका कोरडा आणि ताठ होतो की बोट वाकवले की तो ताणला न जाता उलतो. तुम्ही घट्ट्यांवर रागावून वजरी चालवलीत, त्याने संरक्षण तेवढे गेले आणि भेगा होत्या तिथेच राहिल्या. म्हणून पहिली विनंती अशी की, वजरी पायांपुरती राहू द्या. लग्नापर्यंत हात ‘मऊ’ करण्याचे उद्दिष्टही सोडून द्या आणि त्याऐवजी हात न फाटणारे, न दुखणारे करण्याचे ठरवा. तुमचा व्यवसाय चालू ठेवून एवढे नक्की साधता येईल.

आता त्या तीन बोटांकडे येऊ. १० किलो चटणीला किलो-सव्वा किलो लसूण तरी लागत असेल, आणि तो तुम्हीच सोलत असाल असा माझा कयास आहे. लसूण सोलताना सुरी उजव्या हातात असते आणि पाकळी डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी व मधले बोट यांच्या चिमटीत असते. त्वचारोगतज्ज्ञांच्या परिचयाचे हे जुनेच चित्र आहे. लसणातील गंधकयुक्त द्रव्ये काहींच्या त्वचेला सोसत नाहीत आणि नेमकी पाकळी धरणारी बोटे कोरडी पडतात, सालपटतात, फाटतात. ही ॲलर्जी एखाद्याला पहिल्याच दिवशी होते असे नाही. वर्षानुवर्षे लसूण हाताळल्यावरही ती सुरू होऊ शकते. तुमचा चटणीचा व्याप वाढला दोन वर्षांपूर्वी. भेगा कधीपासून आहेत हे तुम्ही लिहिलेले नाही, पण आठवून पाहा.

मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करणे शहाणपणाचेही नाही. मात्र पडताळा घेणे तुमच्या हातात आहे. पुढचे तीन आठवडे लसूण सोलण्याचे काम मदतनीस बायकांपैकी एकीकडे द्या किंवा सोललेला लसूण विकत घ्या, आणि चटणी कुटल्यावर ती कालवायला हाताऐवजी मोठा चमचा वापरा. रबरी मोजे घालून लसूण सोलण्याचा मोह होईल, पण लसणातील हे द्रव्य बहुतेक मोज्यांतून आरपार जाते, त्यामुळे मोज्यांवर भरवसा ठेवू नका. बाकी सगळे काम तसेच चालू असताना बोटे भरून येऊ लागली, तर उत्तर मिळाले असे समजा. खात्री करून घेण्यासाठी कच्चा लसूण बोटावर चोळून पाहण्याचा उद्योग मात्र कृपा करून करू नका. कच्च्या लसणाने कातडी चक्क भाजते. नेमकी ॲलर्जी ओळखण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी करतात. त्या पट्ट्या दोन दिवसांनी काढतात आणि त्यानंतर आणखी एकदा पाठ तपासतात.

घरगुती म्हणजे निर्धोक, हे तुमच्या पत्रातले दुसरे गृहीतक आहे. आपल्या त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा, पाचच्या आसपास (सातच्या खाली आम्ल, वर अल्क). लिंबाच्या रसाचा तो दोनच्या आसपास असतो, खाण्याच्या सोड्याचा आठच्या वर आणि साध्या साबणवडीचा नऊ ते दहा. म्हणजे कधी लिंबू, कधी सोडा आणि दिवसभर साबण अशा तऱ्हेने तुम्ही त्याच फाटक्या बोटांना एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला ओढत होतात. लिंबू चोळून उन्हात पापड-कुरडया वाळत घालायला गेले, तर कातडीवर भाजल्यासारखे चट्टे उमटतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्महिने राहतात; सोलापूरच्या उन्हात हा धोका लहान नाही. तुरटीचा गुणच मुळी आवळण्याचा आणि सुकवण्याचा आहे, दाढीनंतर तिचा उपयोग होतो तो त्यासाठीच. हळद-बेसनाचे उटणेही हाताचे उरलेसुरले तेल शोषून घेते. हे सारे पदार्थ स्वयंपाकघरातच शोभतात.

उपयोगी पडणाऱ्या गोष्टी समजून घ्यायच्या तर एक साधी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तेल, तूप किंवा व्हॅसलीन त्वचेला ओल देत नाही, असलेली ओल उडू देत नाही, आणि म्हणून कोरड्याठाक हातावर तेल चोळणे म्हणजे रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवणे होय. हात धुऊन टॉवेलने टिपावेत आणि ते किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, वरून स्निग्ध थर द्यावा. ‘टिपावेत’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. आपल्याकडे जाड टॉवेल विणले जातात आणि आपण त्यांनी खसाखसा हात पुसतो. बोटांच्या बेचक्यांतले पाणी मात्र तसेच राहते आणि आंगठीखाली साबण उरतो. काम करताना आंगठी काढून ठेवा.

ग्लिसरीन आणि क्रीममध्ये घालतात तो युरिया यांचे काम वेगळे आहे, ते पाणी धरून ठेवतात. औषधांच्या दुकानात मिळणारे साधे ग्लिसरीन स्वस्त आहे, पण ते नुसते लावू नये. पौषातल्या कोरड्या हवेत घट्ट ग्लिसरीन कातडीच्या आतले पाणीच ओढून घेते आणि हात अधिकच ताठतात. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी किंवा गुलाबपाणी असे मिश्रण थोडे-थोडे करून ओल्या हाताला लावावे व त्यावर तेलाचा हात फिरवावा. युरियाची १० ते २० टक्क्यांची क्रीम घट्ट्यांचा ताठरपणा कमी करते. वजरीने जे उपटून निघते, ते युरियाने हळूहळू सैल होते. मात्र उघड्या भेगेवर ती चांगलीच झोंबते, म्हणून आधी भेगा भरू द्याव्यात.

सुनेने आणलेल्या क्रीमबद्दल तुम्ही जरा कडवट लिहिले आहे, पण त्या मुलीचा हेतू चांगला होता. बाटलीतले पातळ लोशन बहुतांशी पाणी असते. ते लावताना सुखद वाटते आणि अर्ध्या तासात उडून जाते. किमतीतला बराचसा वाटा सुवासाचा आणि बाटलीचा असतो, आणि फाटलेल्या त्वचेला नेमका तो सुवासच त्रास देण्याची शक्यता असते. साधे, बिनवासाचे व्हॅसलीन त्याहून कितीतरी स्वस्त पडते आणि ओल रोखण्याच्या कामात त्याची बरोबरी करणारे फार थोडे आहे. त्याचा उगमही कामकऱ्यांच्याच हातात आहे, ही मला आवडणारी गोष्ट. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर पंपाच्या दांड्यांना चिकटणारा मेणचट मळ तिथले कामगार कापलेल्या-भाजलेल्या जागी लावत असत. ते पाहून रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने तो शुद्ध करण्याची रीत शोधली आणि १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले.

घरचेच काही हवे असेल तर निवड करण्याजोगे बरेच आहे. खोबरेल तेल सर्वांत सोपे. आपल्या भागातले करडईचे तेल मला त्याहून सोयीचे वाटते, कारण ते खाण्याचे आहे आणि त्याला उग्र वास नाही. कोकणात कोकमाच्या फळांच्या बियांतून काढलेल्या कोकमतेलाचे घट्ट गोळे मिळतात आणि तिथल्या घरांत हातापायांच्या भेगांवर पहिला उपाय तोच असतो. गोळ्याचा तुकडा पळीत घेऊन जरासा गरम करावा, वितळला की कोमट असतानाच भेगेत भरावा. तो थंड होऊन तिथेच गोठतो आणि मेणासारखा बसून राहतो. कोरफडीचा गर थंडावा देतो, पण तो जवळजवळ पाणीच असल्याने वर तेल हवेच. शिवाय पात कापल्यावर सालीलगत पिवळा चीक येतो, तो उभे धरून निथळू द्यावा, कारण काहींना त्याने खाज सुटते. दुधाची साय वाईट नाही, फक्त ती धुवावी लागते आणि धुतले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तुपाचा एक जुना प्रकार सांगण्याचा मोह आवरत नाही, तो म्हणजे आयुर्वेदातील शतधौत घृत, शंभर वेळा धुतलेले तूप. माझी आजी तांब्याच्या परातीत चार चमचे साजूक तूप घ्यायची, त्यावर वाटीभर गार पाणी ओतायची आणि तळहाताने गोल-गोल फेसत राहायची. पाणी गढुळले की काढायचे, नवे घालायचे. दहा-पंधरा पाण्यांनंतर तुपाचा पिवळेपणा जातो, पुढे वासही कमी होतो आणि शेवटी परातीत लोण्याहून पांढरा, बोटाला गार लागणारा गोळा उरतो. शंभर वेळा मोजून कुणी केले असेल असे मला वाटत नाही. आजी अंगणातल्या गप्पा संपल्या की थांबायची. हे मलम खरोखर छान लागते, पण त्यात पाणी अडकलेले असल्याने ते फार टिकत नाही. दोन आठवडे पुरेल इतकेच करावे आणि फ्रिजमध्ये ठेवावे. तुम्हाला वेळ नसेल तर करू नका. व्हॅसलीनने तेच काम होते.

भाकरीला वास लागेल ही तुमची शंका रास्त आहे आणि तिच्यामुळेच दिवसाची व रात्रीची सोय वेगळी करावी लागेल. कामाला बसण्याआधी साबणाने हात धुणे टाळता येणार नाही, कारण तुम्ही लोकांचे अन्न करता. त्या एका धुण्यानंतर ओलसर हाताला करडईच्या तेलाचे चार थेंब, विशेषतः बोटांच्या टोकांना आणि नखांच्या कडांना, जिरवा. मळताना पिठात गेले तरी ते खाण्याचेच तेल आहे. मधल्या वेळी हाताला चिकटलेले पीठ काढण्यासाठी दर वेळी साबण घेऊ नका. थोडे कोरडे पीठ घेऊन तळहात एकमेकांवर चोळले की ते सुटून परातीत पडते, हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. कडकडीत गरम पाण्याने पीठ मळत असाल तर सुरुवात उलथन्याने कालवून करा आणि सोसवेल इतके कोमट झाल्यावरच हात घाला, कारण गरम पाणीही कातडीचे तेल पळवते. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि आपण आणखी साबण घासतो. हात धुण्यापुरते नळाचे साठवलेले पाणी ठेवता आले तर बघा.

भांडी शक्यतो दुसऱ्या कुणी घासावीत, असे लिहिणे सोपे आहे. ते जमत नसेल तर आत सुती मोजे आणि वर रबरी मोजे घाला, पण एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांहून जास्त वेळ नको. आत घाम साचला तर मोजे घालून उलटा तोटाच. भेगेतून पू येत असेल, लाली पसरत असेल किंवा ठणका लागला असेल, तर ते बोट भरेपर्यंत अन्नाला लावू नका. अशा जखमेत वाढणारे जंतू अन्नातून दुसऱ्यांना आजारी पाडू शकतात, आणि तुमच्या भाकरीवर लोकांचा विश्वास आहे.

रात्रीचे काम दहा मिनिटांचे आहे. सगळे आटोपल्यावर हात कोमट पाण्यात बुडवून बसा, टिपा, व्हॅसलीनचा जाड थर द्या, भेगांवर जास्त, आणि वर जुने सुती पायमोजे हातात चढवून झोपा. पहिल्या रात्री हसू येईल. खोल भेगेवर व्हॅसलीननंतर कागदी चिकटपट्टी गुंडाळली तर तिच्या कडा जवळ राहतात आणि बोट वाकवताना दुखत नाही. काही कारागीर झटपट चिकटणारा गोंद भेगेत भरतात. रुग्णालयात जखमेला वापरतात तो गोंद वेगळा असतो. हा घरातला नको.

कातडीचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत बदलतो, म्हणून आठ दिवसांत उपाय सोडून देऊ नका. तीन आठवडे हे सगळे करूनही फरक पडला नाही तर सिव्हिलच्या त्वचारोग विभागात हात दाखवा. थायरॉईड कमी असेल किंवा मधुमेह असेल तरी त्वचा कोरडी पडते. या वयात दोन्हींची रक्ततपासणी होऊन गेलेली बरी. आणि मेडिकल दुकानातून ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब आणू नका. अशा अनेक ट्यूबांत स्टेरॉईड असते; चार दिवस बरे वाटते, मग कातडी पातळ होते आणि बुरशीचा संसर्ग असेल तर तो दबून पसरतो.

तुमच्यासारखीच पत्रे इतरांचीही येतात, म्हणून चार ओळी त्यांच्यासाठी. एकाच तळहाताला पांढुरकी साले निघत असतील आणि दोन्ही पायांच्या बेचक्याही सालपटल्या असतील, तर ती बहुधा बुरशी असते. तिला तेलाची नव्हे, औषधाची गरज आहे. विड्या वळणाऱ्या भगिनींनी तंबाखूची धूळ साध्या पाण्याने धुऊन मगच तेल लावावे, नाहीतर तीच धूळ तेलाबरोबर भेगेत बसते. यंत्रमागावर काम करणाऱ्यांनी हाताचे वंगण रॉकेलने काढू नये. खोबरेल चोळून चिंधीने पुसले तरी ते निघते. गवंडीकाम करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र घरगुती उपायांनी भागत नाही. ओल्या सिमेंटचा पीएच बारा-तेरापर्यंत जातो आणि त्यातल्या क्रोमियमची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर पाठ सोडत नाही, म्हणून तिथे मोजे आणि गमबूट हेच औषध.

राहिला कासार. चुडा भरताना तो हात दाबून सांधे एकत्र आणतो, आणि अनेकजण बांगडी सरकावी म्हणून साबणाचा फेस लावतात. तुम्ही निघण्याआधी हाताला खोबरेल लावा, साबण नको म्हणून त्याला आधीच सांगा आणि बोटांच्या टोकांना धरू नका, हेही सांगा. त्याच्यापुढे दिवसभरात शेकडो हात येतात, शेतातले, मागावरचे, विडीचे. तुमचे घट्टे पाहून तो चकित होईल असे मला वाटत नाही. लसूण सोलणे आजपासून बंद करा आणि तीन आठवड्यांनी डाव्या हाताची ती तीन बोटे कशी आहेत, तेवढे दोन ओळींत कळवा.